सेनापतीचा गोंडा

पडद्याचं माप देऊन गिऱ्हाईक त्याच्या दुकानातून लगेच बाहेर पडलं, असं कधी झालं नाही. खिडकीची उंची वहीत उतरवली की तो टेप गळ्यात अडकवायचा, खांदे मागे घ्यायचा आणि शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीकडे नुसती मान वळवायचा. तिथे पडद्याच्या दोन पितळी ब्रॅकेटांवर एक तलवार आडवी ठेवलेली होती. गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, "ही कसली?" आणि इथेच फसायचं.

"जपानी आहे. सेनापतीची. आमच्या तात्यांनी महायुद्धात त्याच्या हातातून घेतली. समोरासमोर."

तात्या म्हणजे त्याचे वडील. ते पलटणीत शिंपी होते. कॉलर उसवली, बटण तुटलं की जवान त्यांच्याकडे यायचे. हा तपशील गोष्टीत सहसा येत नसे. तात्या हयात होते तोवर तो जपानी साधा कॅप्टन होता, तात्या गेल्यावर वर्षभरात त्याला बढती मिळाली. पुढे त्याच्या दिमतीला घोडा आला, अंगरक्षक आले, आणि एका पावसाळ्यात, धंदा मंद होता तेव्हा, एक नदीही आली. खुद्द तात्यांना कोणी विचारलं, तर ते सुईत दोरा ओवत एवढंच म्हणायचे, "घेतली, झालं."

लोक या पडदेवाल्याला सेनापती म्हणू लागले. आधी पाठीमागे, मग तोंडावर. ही थट्टा आहे हे त्याच्या लक्षात यायला बराच काळ गेला, आणि आलं तेव्हा नाव अंगवळणी पडून चुकलं होतं. बायकोसुद्धा भाजी संपली की, "सेनापती, जरा मंडईची मोहीम काढा," म्हणायची.

आता नुसत्या तोंडच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? म्हणून सेनापतीकडे दोन पुरावे असत. पहिला, तलवारीच्या मुठीवरची मरून-सोनेरी रेशमी दोरी आणि तिला लोंबणारा गोंडा. "असा गोंडा शिपायाच्या तलवारीला असतो का? तुम्हीच सांगा." दुसरा पुरावा जास्त जोरदार होता. तलवार म्यानात पूर्ण जात नसे. कितीही रेटली तरी दोन बोटं पातं बाहेर. "अजून शांत झालेली नाही ती," सेनापती आवाज खाली आणून म्हणायचा, आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं की त्याचा दिवस सार्थकी लागायचा. दर आठवड्याला तो मशीनचं तेल घेऊन पातं लख्ख पुसायचा. मशीनला तेल द्यायला विसरेल, पण पात्याला नाही.

अशीच दुसरी एक तलवार त्याच शहरात, तीन गल्ल्या पलीकडे होती, पण तिचं नाव सेनापतीपुढे काढायची सोय नव्हती. तात्यांचा धाकटा भाऊ त्याच पलटणीत ट्रक दुरुस्त करायचा. त्यानेही येताना तलवार आणली होती. ती आता त्याच्या मुलाकडे, म्हणजे सेनापतीच्या चुलतभावाकडे होती. हा चुलतभाऊ कुलूप-किल्ल्यांचं दुकान चालवायचा आणि अंगानेही तसाच सडसडीत, म्हणून सगळे त्याला किल्ली म्हणत. लहानपणी हे दोघे पलंगाखाली शिरून दोन्ही तलवारी बाहेर ओढायचे आणि दोघांनाही एकत्रच मार मिळायचा.

किल्लीच्या तलवारीचं दुखणं उलट होतं. तिचं म्यान पोचे पडलेलं, रंग उडालेलं, आणि आत तलवार खुळखुळायची. किल्लीच्या घरात पहिल्यापासून एकच म्हणणं: थोरल्याने थोरलेपणा दाखवला आणि चांगलं म्यान स्वतःकडे ठेवलं. सेनापतीच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर किल्लीने हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. सेनापतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, "काकांनी तलवार मिळवली तरी होती का? तात्यांच्या मागे उभे होते, तेवढीच त्यांची लढाई." किल्लीने ताट सरकवलं, बायकोला उठवलं आणि निघून गेला. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद.

सेनापतीला याचं वाईट वाटत होतं का? फार वाटत होतं. पण ते कबूल करण्यापेक्षा त्याने दुकानाच्या शटरचं कुलूप शहराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाकडून दुरुस्त करून घेतलं. त्या माणसाने ते कायमचं बिघडवलं. मग सेनापती शटर खाली ओढून त्याला बाहेरून एक भलामोठा दगड लावू लागला. पंचक्रोशीत ज्याच्या हाताला कुलपं वश होती, त्याच्या सख्ख्या चुलतभावाचं दुकान दगडाच्या भरवशावर होतं.

अशात शहरातल्या संग्रहालयाने युद्धातून घरोघरी आलेल्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. तलवारीशेजारी कार्ड लागणार, त्यावर तात्यांचं नाव छापलं जाणार, हे ऐकून सेनापतीला रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्याने तलवार पडद्याच्या दांड्यांच्या लांब पिशवीत घातली. रस्त्यात तीन जणांनी विचारलं, "कुणाकडे पडदे लावायचेत?"

संग्रहालयातल्या बाई मऊ आवाजाच्या होत्या. त्यांनी हातमोजे घातले, तलवार फ्लॅनेलवर ठेवली आणि सेनापतीची सगळी गोष्ट, नदीसकट, ऐकून घेतली. मग चष्मा वर करून विचारलं, "मुठीवरची दोरी सोडू का? ती नंतर गुंडाळल्यासारखी दिसते."

"नंतर कशी? सेनापतीचीच आहे ती."

"मग तुम्हीच सोडा. तुमचा हात बसलेला आहे."

दोरीचं टोक कुठे दडलंय ते सेनापती बोटांनी चाचपू लागला आणि मध्येच थांबला. टोक मागे दुमडून तीन वेढ्यांखाली घातलं होतं, वरून एक तिरका टाका मारला होता आणि दोरा अगदी मुळापाशी कातरला होता. असा शेवट करायला तात्यांनी त्याला शिकवलं होतं. सरळ टाका मारला की बोटांवर पट्टी बसायची. परवाच त्याने एका हॉलच्या पडद्यांना अशाच बारा दोऱ्या करून दिल्या होत्या. हे जपानी रेशीम नव्हतं. पडदा बाजूला बांधून ठेवायची दोरी होती ही, तात्यांच्या वेळच्या दुकानातली, बहुतेक कुठल्याशा ऑर्डरमधून उरलेली. दुसऱ्या कोणाच्या घरी असती तर त्याने दारातूनच ओळखली असती. स्वतःच्या डोक्यावर इतकी वर्षं टांगलेली होती, म्हणून कधी दिसली नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आमच्याच धंद्यातली आहे," तो म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. शेवटी त्याने नाक पुसायचं निमित्त केलं.

दोरीखालून जी मूठ निघाली ती धातूची, ओतीव होती. दोरा गुंडाळल्यासारखी नक्षी साच्यातच काढलेली, वर तपकिरी रंग, तोही जागोजागी उडालेला. बाई हळूहळू सांगू लागल्या. मोठ्या अधिकाऱ्यांच्या तलवारीला खरोखरच दोरा गुंडाळलेला असे. ही कारखान्यात बनलेली, नायक-हवालदार दर्जाच्या लोकांना सरकारकडून मिळणारी. युद्ध संपलं तेव्हा अशा तलवारींचे ढीगच्या ढीग जमा झाले. ज्यांच्या वाट्याला आल्या त्यांनी आठवण म्हणून घरी आणल्या.

"म्हणजे सेनापती..."

"सेनापतीने ही हातात धरली नसती," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच वाईट वाटलं. "पण वस्तू खरी आहे हं. अगदी खरी."

सेनापतीने घोडा, अंगरक्षक आणि नदी यांना मनातल्या मनात निरोप दिला. इतकी मोठी फौज एका सकाळी गारद झाली तरी माणूस खुर्चीतच बसून होता, ही शाबासकी त्याला द्यायलाच हवी. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. पात्यावर मुठीजवळ एक नंबर ठोकलेला होता. म्यानाच्या तोंडाशी दुसरा. बाईंनी दोन्ही भिंगातून पाहिले.

"हे दोन एकच असायला हवेत. हे म्यान दुसऱ्या तलवारीचं आहे. म्हणूनच ती पूर्ण आत जात नाही."

दुसरी तलवार कुठली, हे सेनापतीला भिंगाशिवाय दिसत होतं. लग्नातलं ते ताट सरकवणं त्याला आठवलं. किल्ली खरं बोलत होता. आणि आपण त्याच्या मेलेल्या बापाला चार लोकांत भित्रा ठरवलं होतं.

"हे कार्डावर लिहायलाच हवं का?" त्याने विचारलं.

"मी नाही लिहिलं तरी नंबर तिथे आहेतच," बाई म्हणाल्या. त्याने तलवार परत पिशवीत घातली आणि दोन-चार दिवसांत आणून देतो म्हणून सांगितलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. एरवी तिने चिमटा काढायची अशी संधी सोडली नसती, पण ती बराच वेळ सोडलेल्या दोरीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अहो, तात्यांनी गोंडा लावला तो काही पाप नाही केलं. शिंप्याने आणखी काय लावायचं? पण म्यान ज्याचं त्याला देऊन या. नाहीतर तात्यांनी एकदा घेतलं होतं, तुम्ही रोज घ्याल."

किल्लीचं दुकान म्हणजे भिंतीतला एक कोनाडाच. तीन बाजूंना किल्ल्या लटकलेल्या, मध्ये किल्ली. तो कानस चालवत होता. त्याने मान वर केली नाही.

"दुकान बंद आहे."

"उघडं दिसतंय."

"तुझ्यापुरतं बंद आहे."

सेनापतीने पिशवीतून म्यान काढून फळीवर ठेवलं. "याच्या तोंडाशी नंबर आहे. तुझ्या पात्यावरचा बघ."

कानस थांबली. किल्ली आत गेला. जुन्या घोंगडीतून तलवार खुळखुळत बाहेर आली. त्याने डोळ्याला भिंग लावलं, एक नंबर वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला वाचला. आता हा 'बघ, मी म्हणत होतो' म्हणणार, म्हणून सेनापती मान खाली घालून उभा राहिला. किल्लीने नुसतं म्यान फडक्याने पुसून बाजूला ठेवलं, आणि ते जास्त लागलं.

"तू लग्नात म्हणालास ते खरं होतं," सेनापती म्हणाला. "काकांबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. माझी चूक झाली. दोघांनीही ढिगातून उचलल्या. तात्यांनी त्यातलं चकचकीत म्यान बघून घेतलं."

"ढिगातून? आणि तुझा सेनापती?"

"नव्हताच."

किल्लीने भिंग खाली ठेवलं. "मग आमच्या बाबांनी ज्याला ट्रकखालून ओढून काढला तो कर्नल?"

"कर्नल?" सेनापतीने आ वासला. "तोही नव्हता रे."

आधी किल्लीचे खांदे हलले, मग सेनापतीचे, आणि समोरच्या दुकानातली माणसं डोकावून बघायला लागली इतके दोघे हसले. हसण्याच्या भरात किल्लीने आपली तलवार सेनापतीच्या म्यानात सरकवली. ती शेवटपर्यंत गेली आणि मुठीजवळचा खटका खट् करून बसला. सेनापतीने आपली पिशवीतून काढली, पोचे पडलेल्या म्यानात घातली. जी तलवार जन्मभर शांत झाली नव्हती ती तुपात सुरी जावी तशी गेली. खट्.

"वा!" म्हणत त्याने ती बाहेर ओढली. ती हलली नाही. खटका दाबला, तर खटका दगडासारखा. त्याने म्यान गुडघ्यांत धरून जोर लावला, तोंड लाल केलं, आणि शेवटी तलवार किल्लीपुढे ठेवली.

"खटक्याला कधी तेल दिलं होतंस?"

"पात्याला दर आठवड्याला देतो."

"पातं कधी अडकतं का, गाढवा? अडकतो तो खटका." किल्लीने बारीक नळीने तेलाचा एक थेंब सोडला. मग पिशवीतून बाहेर आलेली मरून-सोनेरी दोरी त्याने उचलली. "हा गोंडा कुणाचा मग?"

"तात्यांनी केलेला."

"लहानपणी मला याचा फार हेवा वाटायचा. आमच्याला नव्हता."

"करून देतो. घरात दोरी आहे तसली."

"दे. आणि येताना शटरचं कुलूपही काढून आण. रोज त्या दगडाशी झटतोस, बघवत नाही."

सेनापतीचं दुकान किल्लीच्या रोजच्या वाटेवर नव्हतं. मुद्दाम वळून यायचं तरच तो दगड दिसायचा. सेनापतीने घाईने तलवारीकडे बोट केलं. "आणि ही? आता निघेल ना?"

किल्लीने खटक्यावर अंगठा ठेवला, जरा दाबल्यासारखं केलं आणि मान हलवली. "छे. तेल मुरायला हवं. ठेवून जा. उद्या ये."

याच माणसाने एकदा बँकेची अडकलेली तिजोरी चहा गार व्हायच्या आत उघडली होती. सेनापती तेव्हा शेजारीच उभा होता.

"हो," सेनापती म्हणाला, "तेलाला वेळ लागतोच."