पेटी बदलायला बेळगावला

माझं पहिलं श्रवणयंत्र तंबाखूनं खाल्लं. आताची यंत्रं कानामागे दडून बसतात. आमच्या वेळी काड्यापेटीहून मोठी पेटी असायची. ती छातीवर, आईनं शिवलेल्या कापडी खिशात ठेवायची आणि तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत न्यायची. शाळा सुटली की मी आई कामाला होती त्या तंबाखूच्या वखारीत जाऊन बसायची. निपाणीत अशी पोरं कितीतरी होती. तिथली भुकटी जशी नाकातोंडात जायची तशीच पेटीतही गेली. आधी ती नुसती खरखरायची, आणि मी सहावीत असताना दिवाळीनंतर कायमची गप्प झाली.

मुख्याध्यापकांनी आईला बोलावलं. "मशीन नसेल तर हिला वर्गात बसवून काय करू? घरीच राहू दे." घरी म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. आमच्या गल्लीत शाळा सोडलेली पोरगी घरी राहत नसे, वखारीत जाई. मला शाळा आवडायची. पहिल्या बाकावर बसून, अर्धवट ऐकून, मी वर्गातल्या निम्म्या पोरांच्या पुढे होते. पण ते कुणी विचारातच घेतलं नाही.

बेळगावात सरकारी शिबिरात पेट्या बदलून देतात असं कुणीतरी सांगितलं. आईनं वखारीतल्या कामाचा एक दिवस खाडा केला आणि आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. आमचा नंबर दुपारी लागला.

खोलीत एक साहेब होता. त्यानं नव्या पेटीच्या वायरीचं टोक माझ्या कानात बसवलं, पेटीवरचं चाक फिरवलं, आणि सगळे आवाज परत आले. पंखा, खुर्ची सरकवल्याचा आवाज, बाहेर रडणारं मूल. मला हसू आवरेना. मग तो माझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि एकेक शब्द बोलू लागला. तो शब्द मी परत म्हणायचा होता. शब्द सगळे कानडी होते.

कानडीशी माझं वैर नाही. शेजारच्या आक्का कानडीच बोलायच्या आणि त्यांच्या हातच्या भाकऱ्या मी लई खाल्ल्यात. शाळेत कानडी अक्षरंही गिरवली होती. पण आमच्या भागात बोलायची कानडी कुणी शिकत नाही. बाजारात, गाडीत, वखारीत ती कानावर पडून आपोआप येते. कानावर पडून! माझ्या कानावर काही पडत असतं तर मी त्या खोलीत कशाला गेले असते? कमी ऐकू येणारा माणूस निम्मं ऐकतो आणि निम्मं ओळखतो, आणि ओळखायला शब्द आधी माहीत असावा लागतो. ज्याचं कामच कानाचं, त्याला हे सुचू नये याचा मला आजही राग येतो.

दोन-तीनदा मी काहीबाही बोलले, मग गप्प झाले. आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आवं सायेब, तिला कानडी येत न्हाय. मराठीत इचारा की."

"बाई, मध्ये बोलू नका. शब्द हेच आहेत. इथल्या सगळ्यांना कानडी येते."

आणखी दोन शब्द झाले. मग तो माझ्या पाठीमागूनच आईला म्हणाला, "हिला मशीनचा काही उपयोग नाही. ऐकूच येत नाही हिला. दुसऱ्या एखाद्या पोराला देऊ."

मला ते ऐकू आलं. अक्षर न् अक्षर, त्यानंच बसवलेल्या पेटीतून. तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द निवडणाऱ्यांची चूक आणि शाळा सुटणार माझी, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! मी मागं न वळताच ओरडले, "समदं ऐकू येतंय मला! उपेग न्हाय म्हनलासा, दुसऱ्या पोराला देतो म्हनलासा. मराठीत बोला, मग बगा!"

"अंदाजानं सांगितलं असेल," तो म्हणाला.

हेही मला ऐकू आलं. मी तेही त्याला परत म्हणून दाखवलं.

मग पाठीमागून तो हळू आवाजात, मराठीत म्हणाला, "खिडकीत कावळा बसलाय."

मी खिडकीकडे बघितलं. "कावळा कुठला? पारवा हाय त्यो."

आईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते मला दिसलं नाही, पण माझी शाळा वाचली हे मला तिथंच कळलं. साहेब कसनुसा हसला. त्यानं पेटी माझ्या खिशात नीट सरकवली, वायर गळ्यामागून घेतली. माफी वगैरे काही नाही. पेटी दिली म्हणजे उपकारच केले, असा चेहरा.

मग जुन्या पेटीतली तंबाखूची भुकटी बघत, माझ्यासमोर उभा राहून तो आईला म्हणाला, "हिला सांगा, वखारीत नेऊ नको म्हणावं. आंघोळीला काढून ठेव म्हणावं. कळेल ना हिला?"

पेटी माझ्या छातीवर चालू होती. आई दाराबाहेर निघाली होती, ती थांबली.

"तिलाच इचारा की," ती म्हणाली.

त्यानं विचारलं नाही. त्यानं पुढच्या नंबरला हाक मारली. तीही मला स्वच्छ ऐकू आली.