पन्नास मिनिटांवर आई

विमानतळावर सगळे त्याला काटासाहेब म्हणत. वजनाचा तक्ता भरायचं त्याचं काम: माणसं किती, सामान किती, इंधन किती, आणि एवढं घेऊन ते छोटं विमान उडेल की नाही. एकतीस वर्षांत त्याने एक किलो इकडचा तिकडे केला नाही. एका जादा बॅगेसाठी हुज्जत घालणाऱ्या भल्याभल्यांना त्याने सरळ केलं होतं. स्वतः मात्र विमानात कधी बसला नाही.

आई पलीकडच्या शहरात, बहिणीकडे. हवेतून दोनशे नव्वद किलोमीटर, पन्नास मिनिटं. डोंगराला वळसा घालून रस्त्याने आठ तास.

"एवढ्या वेळात माझी भाजी निवडून होत नाही," आई फोनवर म्हणायची, "आणि तू वर्षातून एकदा तोंड दाखवतोस."

एका सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, ये. डॉक्टरांनी हात टेकले."

"साडेअकराच्या विमानाने येतो," तो म्हणाला. कर्मचाऱ्याला मिळतं ते फुकट तिकीट काढलं, रजेचा अर्ज टाकला आणि जाता जाता त्याच विमानाचा तक्ता भरायला बसला. दुसरं होतं कोण भरायला?

ऊन मी म्हणत होतं. हवा तापली की विमानाला वजन कमी झेपतं. टपालाची पोती उतरवली, तरी सत्तर किलो जास्तच. अशा वेळी आधी फुकट तिकिटवाला उतरतो, हा नियम. त्याचं स्वतःचं वजन बहात्तर. आकडा थोडा खालीवर केला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण आत अठरा माणसं पट्टे बांधून बसली होती. त्याने आपल्याच नावावर रेघ मारली, विमान वेळेवर सोडलं आणि धावत जाऊन बस पकडली.

बहिणीला फोन करायला मात्र त्याची जीभ रेटेना. आयुष्यभर काटेकोर राहिलेल्या माणसाने नेमकी तिथे माती खाल्ली.

दिवेलागणीला तो पोचला. बहीण दारातच बसली होती. आई दोनच्या सुमारास गेली होती.

"मी तिला सांगितलं, दादा निघालाय, पन्नास मिनिटांचा तर प्रश्न आहे," बहीण म्हणाली. "मग ती घड्याळावरची नजर हलवेना. एक वाजता म्हणाली, आला नाही गं. मी म्हटलं, विमानाला उशीर झाला असेल. तर म्हणाली, त्याचं विमान कधी उशिरा सुटत नाही. यायचं नव्हतं तर तसं सांगायचं."

तो उंबऱ्यावरच बसला. न वापरलेलं तिकीट खिशात होतं. ते काढून दाखवावं असं त्याला फार वाटलं, पण दाखवणार कुणाला?