बांबूतली तीन घराणी

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं गिरणीनं शिकवलं. तेव्हा खाली जे लिहितोय ते डोळ्यांनी बघितलेलं आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही. कोणाला पटलं नाही तर त्याच्याशी भांडायला मी अजून खमका आहे.

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर बाकी सगळ्या खोल्यांना कुलपं. कोण विरारला, कोण गावाला, कोण वर गेला. उरलो मी आणि शेजारचा प्रेसवाला. तो फणसवाडीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, तसलं काम. मी त्याला प्रेसवाला म्हणायचो, तो मला गिरणीवाला. बायका दोघांच्याही गेलेल्या. दुपारी दोन खुर्च्या गॅलरीत, मध्ये स्टूल, स्टुलावर चहा. तेवढंच बोलणं दिवसाचं.

गॅलरीत छताला कपडे वाळत घालायचे बांबू टांगलेत. घरची होती तेव्हा त्यांच्यावर जागा मिळायची नाही. आता माझे दोन सदरे नि लेंगा दोरीवरच मावतात. तर एका दुपारी त्या बांबूच्या तोंडात माशी शिरताना दिसली. काळी, लांबट, पंख धुरकट. थव्यानं नाही, एकटी. दातांत चिकट गोळा धरून आणला आणि बांबूचं तोंड लिंपायला बसली. ती गेल्यावर मी बोट लावून हुंगलं. राळ! आमच्या गावी दशावतारात मशालीवर राळ मारतात, तो वास मला झोपेतसुद्धा कळेल. तेव्हापासून मी तिला राळमाशी म्हणायला लागलो.

मधमाशीची ही कोणीतरी लागत असणार, पण हिला पोळं नाही, राणी नाही. जी ती आपापल्या भोकात. पोटाखाली पिवळी पूड माखून आणायची, ती आत ठेवायची, त्यावर अंडं घालायचं, राळेची भिंत, परत पूड, परत अंडं. शेवटी दार लावायचं आणि निघून जायचं. आत काय झालं ते बघायला परत यायची नाही.

बघता बघता सगळे बांबू भरले, खांबातली खिळ्यांची जुनी भोकंसुद्धा, तिथं जरा बारक्या माश्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, दारं सारखी नाहीत. काही काळीकुळकुळीत, काही पिवळट आरपार दिसणारी, काही खडबडीत, वाळू नि लाकडाचा भुसा मिसळलेली. मी त्यांची घराणी लावली. काळ्या दारवाली, पिवळ्या दारवाली, खडीवाली. तीन.

आता हे मी का केलं ते सांगतो. मी त्रासन खात्यात होतो, सूत कातायच्या. तिथं बॉबिनला रंग असायचा. कुठल्या रंगावर कुठल्या नंबरचं सूत, ते ठरलेलं. सूत हातात घेऊन बघत बसायला वेळ कोणाला? रंग बघायचा, पेटीत टाकायचं. उभ्या आयुष्यात माझी पेटी चुकली नाही.

प्रेसवाल्याला सांगितलं तर तो हसला.

"अरे गिरणीवाल्या, खिळा एकच आहे. शाई वेगळी लागली म्हणून अक्षर बदलतं होय? चेहरा बघ तिचा, चेहरा!"

"मग त्या खांबातल्या बारक्या? त्यांचा चेहरा दिसतो काय तुला चष्म्यातून?"

"तेच अक्षर, लहान टाइपात. पिल्लं असतील."

"म्हणजे सगळी मिळून एकच जात?"

"एकच."

"आणि मी गाढव?"

"ते मी नाही म्हटलं. तू म्हणालास."

अशी ही मजा बरेच दिवस चालली. खरं सांगायचं तर दोघंही सकाळी त्यासाठीच उठायचो. पण गणपती उठल्यानंतरच्या एका दुपारी मी चहा घेऊन बाहेर आलो, तर हा स्टुलावर चढून, हातात टाचणी. पिवळं दार टोचून फोडलेलं. आतली पूड खाली सांडलेली आणि तिच्यात एक पांढरी अळी वळवळतेय.

"बघ," म्हणाला, "दार पिवळं, आतल्या भिंती काळ्या. हीच बाई दोन्ही राळा आणते. शाळेतल्या आंब्याचा डिंक मिळाला तर पिवळी, समोरच्या गच्चीवरचं डांबर मिळालं तर काळी. संपली तुझी घराणी."

पुरावा समोर होता. पण मला ती अळी दिसत होती.

"दुसऱ्याचां घर फोडून माका शिकवतंस?" रागावलो की मी मालवणीत जातो. "उद्या माझ्या दारात टाचणी घालशीत!"

"अरे, माशी आहे ती!"

"माशी असांदे. परत माझ्या बांबूक हात लावलंस तर बघ."

मी चहाचे दोन्ही कप आत नेले. दोन्ही मीच प्यायलो. तेव्हापासून अबोला. त्यानं दोनदा खुर्ची मांडली, मी दार लोटलं. तिसऱ्यांदा त्यानं मांडली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. भिंतीपलीकडं त्याचा खोकला ऐकू यायचा, त्याला माझा रेडिओ. मी राळमाश्या बघायचो आणि काही नवीन दिसलं की तोंड उघडायचो, मग मिटायचो.

शिमग्याच्या सुमारास त्याची मुलगी आली. नाशिकला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बाबांना न्यायला आली होती, कायमचं. हे मला तिच्याकडून कळलं, त्याच्याकडून नाही.

निघायच्या दिवशी ती गॅलरीत बांबूखाली थांबली. "काका, यांच्यावरून भांडलात ना तुम्ही?" म्हणाली आणि भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. तिचा बाप आत सामान बांधत होता. आवाज बंद झाला, म्हणजे ऐकत होता.

"दारावरून जात ठरत नाही काका. जी राळ जवळ मिळेल ती आणतात. वाळू नि भुसापण हाताशी असेल तर मिसळतात." मग ती मोठ्यानं म्हणाली, "आणि बाबा, पंख फुटल्यावर माशी वाढत नाही. ही बारकी म्हणजे पिल्लू नाही, वेगळी जात आहे. इथं निदान दोन तरी आहेत."

मग तिनं सांगितलं की हे कूळ अफाट आहे. जगभर पसरलेलं, शेकडो जातींचं. काही बहिणी राळ आणतात, काही पानं कातरून त्यांच्या पुंगळ्या करतात, काही माती लिंपतात. पान कातरणारीच्या दातांत कात्रीसारखी धार असते, राळवालीच्या नसते. म्हणून दात बघायचे. नराचं तोंड पांढुरकं, मादीचं काळं, त्यामुळं एकाच जातीच्या दोन केल्यात जुन्या लोकांनी. कुठं कुळाचे तुकडे पाडायचे यावर मोठमोठे विद्वान अजून भांडतायत.

"ते एकमेकांशी बोलतात काय?" मी विचारलं.

"बोलल्याशिवाय भांडणार कसे काका?"

ती बॅगा घेऊन खाली गेली. तो माझ्या दारावरून गेला, जरा थबकला. मी रेडिओचं बटण फिरवत बसलो. जिन्यात त्याची काठी वाजत खाली खाली गेली. गाडीचं दार लागल्याचं ऐकलं आणि माझे पाय आपोआप कठड्याशी गेले.

"प्रेसवाल्या!" अख्ख्या गल्लीनं वर बघितलं. "तीन नाहीत रे!"

त्यानं काचेतून डोकं बाहेर काढलं. "एकपण नाही!" ओरडला. "तू हरलास, मीपण हरलो. नाशिकला ये आता, तिथं बघू किती निघतात!"

"मी कशाला येऊ? तू ये!"

हेच निघालं तोंडातून. त्यानं हात हलवला. गाडी वळली.

संध्याकाळी त्याच्या खोलीला कुलूप बघितलं आणि म्हटलं, हो म्हणायला काय झालं होतं? आता मजल्यावर मी एकटा. मुलगी जाताना तिचा नंबर माझ्या फोनमध्ये घालून गेली आहे. नाशिकची गाडी दादरला थांबते, एवढं मला ठाऊक आहे. कुठली सोयीची, ते त्यालाच विचारावं लागेल. म्हणजे आधी फोन मलाच करावा लागणार. उद्या करतो. दुपारी, चहाच्या वेळेला.