सिनेमातल्या आईने झाडू ठेवून दिला

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. शेजारच्या बाया लिंबं उतरवतात, मी त्यांना तोंडावर हसते. शिक्षण चौथीपर्यंत. मोतीबिंदू मागच्या साली काढला, डोळे साफ आहेत. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही माझ्या डोळ्यांवरच जाल. टाईप सून करून देते, शब्द माझे आहेत.

आम्ही अमरावतीला, बडनेरा रोडला राहतो. अकरा वर्षांपूर्वी माझी मुलगी पुष्पा आम्हाला न विचारता लग्न करून नवऱ्यासोबत अकोल्याला निघाली. घरातलं माणूस गावाला निघालं की मागे लगेच झाडू मारत नाहीत. मारतात तो मयत उचलल्यावर. हे तिलाही माहीत होतं. ती ऑटोत बसली आणि मी तिच्या देखत अंगण झाडून काढलं. तिने पाहिलं.

तिचे वडील वारले, तेव्हाही मी तिला निरोप जाऊ दिला नाही. चूक माझी होती, पण कबूल करायला तोंड नव्हतं. सत्तरी ओलांडली. आता असंच मरायचं, असं धरून चालले होते.

या उन्हाळ्यात मुलाने, गजाननने, एक जुना कौटुंबिक सिनेमा ब्लू-रे तबकडीवर आणला. नाव लिहीत नाही. पुष्पा लहान असताना टीव्हीवर लागला की आम्ही दोघी तो बघायचो. लेक सासरी जाते तो सीन मला पाठ आहे — बैलगाडी निघते, आई चौकट धरून रडते, गाणं सुरू होतं.

रविवार होता, दुपारचे तीन. गजानन बाहेर गेलेला, सून गच्चीवर कुरड्या उलटवत होती. चित्र इतकं साफ की लुगड्याचा धागा न् धागा दिसावा. गाडी निघाली. आई चौकट धरून उभी राहिली... आणि गाणं सुरूच झालं नाही. ती आत गेली, झाडू घेऊन अंगणात आली. वाकली. वाकता वाकता थांबली आणि झाडू दारामागे ठेवून दिला. मग गाणं सुरू झालं, नेहमीसारखं.

पाच मिनिटंही झाली नसतील, मोबाईल वाजला.

"माय, पुष्पा बोलून राहिली."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"तू तो सिनेमा पाहून राहिली का?"

"तुले कोणं सांगितलं?"

"कोणी नाई. गजूनं मले पन पाठवला, आज लावला. माय... तिनं झाडू ठेवून देल्ला. हे पहिले होतं का वं?"

"नोतं," मी म्हटलं. "म्या मारला होता. माराले नोतं पाहिजे."

"हो. नोतं पाहिजे."

'जाऊ दे' म्हणाली नाही, ते बरं केलं. मग म्हणाली, "येऊ का?"

"ये."

संध्याकाळी गजाननने तीनदा लावून पाहिलं. चौकट, रडणं, गाणं. झाडू कुठेच नाही. अकोल्याच्या तबकडीतही नाही. सून म्हणाली, "आई, तुमाले डुलकी लागली असन."

"आन् त्याच टायमाले अकोल्यात पुष्पालेबी लागली काय वं?"

तेव्हा सून कुरड्या भरायला उठून गेली. आता हे टाईप करताना हसून राहिली.

तिसऱ्या दिवशी पुष्पा आली. फाटकातच थांबली.

"म्हातारी झाली वं माय."

"तू कोणती लहान राहिली? आत ये, ऊन लागते."

वडिलांच्या फोटोसमोर ती बराच वेळ बसली. मी तिकडे गेले नाही. नंतर दोघी जेवलो. आता ती महिन्यातून एकदा येते, आणि आम्ही भांडतोही.

हे कसं झालं, मला माहीत नाही. गजाननलाही सांगता आलं नाही. देवाने केलं असेल तर त्याला, मशीनने केलं असेल तर मशीनला, मी हात जोडते. सिनेमा कोणता ते काही जण ओळखतील आणि आपल्या घरी लावून बघतील. बघा. पण काय दिसलं ते मला कळवू नका, ज्याला कळवायचं त्याला कळवा.