आखूड बाण

सेवंतीच्या हाताला काय झालं, हे मला आजवर पुष्कळांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी काही ना काही सांगितलं. खरं मात्र एकालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, डोळे झाकून माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच कारण असावं.

मी ब्राह्मणपुरीची. घरी केळी, ऊस, कापूस. कॉलेजात तिरंदाजी शिकले, बरी खेळायचे. त्याच जोरावर शहादा तालुक्यातल्या एका निवासी शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. मुलं बहुतेक सातपुड्यातली आदिवासी. बाहेरून येणारे म्हणायचे, "यांच्या तर रक्तातच धनुष्यबाण!" मला त्या वाक्याची चीड यायची. रक्तात काही नसतं. पाठ लागते, खांदा लागतो, सराव लागतो — आणि मापाचा बाण लागतो.

हे मापाचं आधी सांगते. ते मला किती नीट माहीत होतं, हे तुम्हाला कळायला हवं. जितका हात लांब, तितकी दोरी जास्त ओढली जाते. ती हनुवटीपर्यंत आली तरी बाणाचं टोक धनुष्याच्या पुढे राहिलं पाहिजे. बाण आखूड असेल तर टोक मागे येतं, धनुष्यावर बाण ज्यावर ठेवतात त्या टेकूवरून आत घसरतं. आणि आत काय असतं? धनुष्य धरलेला आपलाच हात. म्हणून वाढत्या मुलांचं माप पुन्हा पुन्हा घ्यायचं. आमचे बाण कार्बनचे; तडा गेल्याची शंका आली तर तो कानाजवळ धरून हलकेच वाकवायचा. करकरला की बाद. हे सगळं मी मुलांकडून रोज वदवून घ्यायचे. आवाज चढवून.

सेवंती धडगावकडची, पावरा समाजातली. तेव्हा नववीत होती. शाळेत तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती परत आली तेव्हा गणवेशाच्या बाह्या तिला तोकड्या पडत होत्या. मी ते पाहिलं. हसून म्हणालेसुद्धा, "काय गं, ताडासारखी वाढलीस!" पावसाळाभर मैदानात चिखल, सराव बंद. माप घ्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय? मी घेतलं नाही.

पाऊस उघडल्यावर शाळेत पाहुणे आले. जिल्ह्याच्या संघासाठी मुलं निवडणारे. सेवंतीला त्यांनी पाहावं, असं मला फार वाटत होतं. तिच्यासाठी? की 'या बाईंनी पोरगी तयार केली' असं कुणीतरी म्हणावं यासाठी? तेव्हा मी असे प्रश्न स्वतःला विचारत नव्हते.

सकाळी तिनं एकदा दोरी ओढून पाहिली. बाण न सोडता हळूच परत आणली आणि माझ्याकडे आली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, बाण पुरत नाही. टोक आत येतं."

मोठ्या मुलांचे लांब बाण कोठीत होते. कोठीची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पण ते बाण जाड, तिच्या हलक्या धनुष्याला न मानवणारे. त्यांनी तिचा नेम बाजूला गेला असता. पाहुण्यांसमोर. तिला आज थांबवता आलं असतं, पुढच्या वेळी दाखवू म्हणता आलं असतं. मी काय म्हणाले?

"आजच्या दिवस चालवून घे."

तिनं चालवून घेतलं. हात आखडून, जपून, अर्धवट ओढून बाण मारू लागली. ते साहजिकच खाली जमिनीत जाऊ लागले. लांब खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एक पाहुणा मोबाइल बघायला लागला. मुख्याध्यापकांनी तिथून माझ्याकडे पाहिलं. आणि मी तिच्या पाठीमागून ओरडले — "ओढ सेवंती! पूर्ण ओढ!"

तिनं ओढलं.

आवाज फार मोठा नव्हता. सुकी तुरकाठी मोडावी तसा. ती किंचाळली नाही; धनुष्य खाली ठेवून बसली. बाण फुटून तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसला होता, आणि कार्बनचे काळे तुकडे कुसळांसारखे तळहातभर रुतले होते.

इथपर्यंत निष्काळजीपणा झाला. तो कुणी कधीतरी माफ केला असता. मी सांगायला बसले ते याच्या पुढचं आहे.

शहाद्याच्या दवाखान्यात मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, हे झालं कसं?" सेवंती बाकावर होती, हाताला टॉवेल गुंडाळलेला. आमच्यात दोन पावलांचं अंतर. मी काही ठरवून गेले नव्हते. तोंड उघडलं आणि वाक्य तयारच होतं — "सर, बाण तिला थोडा आखूड होता. मी बजावलं होतं, पूर्ण ओढू नकोस म्हणून. जोशात ओढलं तिनं."

सेवंतीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं. मैदानावर माझं ओरडणं गलक्यात लांबच्या खुर्च्यांपर्यंत पोचलं नव्हतं; जवळच्या मुलांनी मात्र ऐकलं होतं. पण मुलांना कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील जीपगाडीनं आले. बाजारात शिकलेली अहिराणी बोलायचे. पोरीचा हात पाहिला, बाहेर आले आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"पोरनी चूक शे, मॅडम. तिनी ऐकं नही. तुम्ही मनवर लेवू नका."

त्यांना मी म्हणाले, "होतं असं. पोरं ऐकत नाहीत."

किती शांतपणे म्हणाले मी!

जखम भरली, पण तिचा अंगठा पूर्ण मिटत नाही. धनुष्याची मूठ तिला पुन्हा धरता आली नाही. ती दहावी करून गेली, पुढे लग्न झालं. मी त्याच शाळेत आहे. आता सुट्टीहून आलेल्या प्रत्येक मुलाचं माप पहिल्याच आठवड्यात घेते. लोक म्हणतात, बाई फार काटेकोर आहेत. मी ते ऐकून घेते.

यंदा होळीआधीच्या बाजाराला खापर गावी गेले होते. गर्दीत मागून हाक आली, "मॅडम!" सेवंती. हसून पुढे आली. बरोबर बहिणीची मुलगी होती. ही जूनपासून तुमच्याच शाळेत येणार, सेवंती म्हणाली. तिला धनुष्याचं वेड आहे. मग सेवंतीनं भाचीच्या पाठीवर तोच हात ठेवला आणि तिला समजावून सांगितलं,

"मॅडम सांगतील तसंच करायचं. मी नाही ऐकलं. मॅडम म्हणाल्या होत्या, पूर्ण ओढू नको — मीच ओढलं."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. नव्हता. इतक्या वर्षांत, इतक्या जणांकडून ऐकून, तिला ते तसंच घडलेलं आठवत होतं. तिच्या हातासोबत तिची आठवणही मी बिघडवली होती.

मुलगी माझ्याकडे बघत होती. दोघींनाही घाई नव्हती, मलाही नव्हती. खरं सांगायला कुणीही आडवं आलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "ऐकत जा."