पाय मागे, वाळवण आहे

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंशी भांडून पाथर्डी फाट्यावर आजवर कुणी जिंकलेलं नाही. भाजीवाला त्यांना बघून आपणहून कोथिंबीर जास्त घालतो. लिफ्ट अडकली की काकू लिफ्टलाच झापतात आणि ती मुकाट चालू होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. माया करायची तीसुद्धा भांडणाच्याच सुरात. मला ताप आला तेव्हा पेज घेऊन आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "मरायचंय का? उठा, गिळा!"

गेल्या उन्हाळ्यात गच्चीची गळती थांबवायला सोसायटीने वर खडी आणून टाकली, आणि एका टिटवीने त्या खडीतच अंडी घातली. चेअरमन म्हणाले, पावसाआधी डांबर पडलंच पाहिजे, अंडी उचला; शिवाय टिटवी अशुभ. काकू उसळल्या. "अशुभ? इथे माळ होता तेव्हा ती जमिनीवरच अंडी घालायची. माळावर सात मजले तुम्ही चढवलेत. ती बिचारी तेवढी वर आली, आणि अशुभ ती?" वास्तविक टिटवीचा आवाज काकूंना मुळीच सोसत नसे. "मेली घसा फाडते नुसती," असं रोज म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी कामगार वर गेले तर गच्चीभर जुन्या साड्या, त्यांच्यावर कुरडया, सांडगे, पापड. मधल्या मोकळ्या खडीवर टिटवी ठाण मांडून. मुकादम म्हणाला, "आजी, लय खोळंबा व्हतोय. डांबर टाकायचं हाय."

"टाक की. वाळवण वाळलं की टाक."

आता बायकांच्या वाळवणावर पाय द्यायची छाती आहे कुणाची? चेअरमनसुद्धा दारातूनच परतले. कडकडीत वाळलेल्या त्याच कुरडया काकू रोज नव्याने पसरत राहिल्या. घरात खाणारं कुणी नव्हतंच; मुलगा कॅनडात.

पिल्लं निघाली तशी काकूंनी ती सुपात घेतली आणि कालव्याकाठच्या पडीक प्लॉटवर नेऊन सोडली. टिटवी वाटभर त्यांच्या डोक्यावर झडपा घालत होती. "ओरड, ओरड! तुझीच पोरं पोचवतेय!" मी सोबत होतो; परतताना लिफ्टमध्ये मात्र हळूच म्हणाल्या, "गेली एकदाची. आता गच्ची खायला उठेल."

यंदा काकूंचे गुडघे गेलेत, गच्चीचा जिना चढवत नाही. टिटवी मात्र आली, कोपऱ्यात उरलेल्या खडीत बसली. चेअरमनना आता तिथे सोलर बसवायचंय. काकूंनी मला बोलावून गेल्या वर्षीच्या कुरडयांचा डबा हातात दिला. मी साड्या अंथरल्या, कुरडया मांडल्या, आणि चेअरमन दारात दिसताच आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडलो, "पाय मागे! वाळवण आहे!"

खालच्या खिडकीतून आवाज आला, जरा थकलेला, "अहो, जोरात सांगा की!"