सड्यावरची मोजणी

काशीराम आमचा शेजारी, म्हणून सांगते. काही वर्षांमागे परतीच्या पावसात त्याची बायको हौसा सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, म्हशी आणायला गेली ती कातळावर मेलेलीच सापडली. वीज पडली, असं काशीराम म्हणाला. पण त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, घरात आंब्याच्या कलमांवर फवारायचं औषध होतं, आणि डॉक्टर यायच्या आत प्रेत जाळलेलं. मग काय, गावाच्या तोंडांना विषयच मिळाला. मुंबईला दिलेली लेक राही तेव्हापासून माहेरी फिरकली नाही. आईने औषध घेतलं, असंच ती धरून बसली.

गेल्या महिन्यात पाणी शोधायला मोजणीवाले आले. त्यांचं यंत्र जमिनीचं चुंबकत्व मोजतं. काठीच्या टोकाला रॉकेलची बाटली. त्यातल्या अणूंचे गाभे म्हणे भिंगरीसारखे डोलतात आणि त्या डोलण्याच्या वेगावरून आकडा येतो. काठी धरायला काशीरामला घेतलं. अंगावर लोखंड नको म्हणून त्याची कमरेची कोयतीसुद्धा घरी ठेवायला लावली.

मी चहा घेऊन गेले तेव्हा सगळे हौसाच्या कातळापाशी थांबले होते. तिथे काही केल्या आकडा ठरेना.

मोजणीवाल्या मॅडम म्हणाल्या, "इथे कधीतरी वीज पडलीय. तिने कातळाचाच चुंबक होतो, मग बाटलीतले गाभे एका वेगाने डोलत नाहीत. ही जागा सोडा."

काशीरामने काठी खाली टेकवली. "कधी पडली, बाई?"

"ते नाही कळत, काका. पाच वर्षं, पाचशे वर्षं, काहीही."

संध्याकाळी तो माझ्या पडवीत आला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून मीच राहीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"राही, यंत्रात आलं गो. वीजच पडलेली तिथं."

"आई गेली तेव्हाच?"

हो म्हण रे बाबा, कोण येतंय तपासायला, असं माझ्या अगदी ओठावर आलं. पण हा सरळ माणूस.

"तेवढं नाय कळत म्हणाली ती बाई."

राही म्हणाली, "बाबा, यंत्राचं राहू दे. त्या दिवशी आईला काय बोललात, तेवढं सांगा."

काशीरामने फोन माझ्या हातात दिला आणि पायरी उतरून चालू पडला. राही पलीकडून "बाबा, बाबा" करत राहिली. माझ्याच्याने तिला तो गेला म्हणूनही सांगवेना.